आतून उघडणारं दार

राजेश्वरी,

तिजोरीच्या खोलीचं दार आज बसवून घेऊ नकोस. माणसं आली तर चहा दे आणि थांबव. मी कुपवाडला दारांच्या कारखान्यात निघालोय.

काल तिथं मी पत्र्याची जाडी बघितली, बिजागऱ्या, कुलपं तपासली. तुझ्या राणीनं विचारलं, “आजोबा, मी आत असताना कुणी दार लावलं तर?” मी म्हणालो, “गप गं, मोठी माणसं बोलत्यात.” सगळे हसले. जन्मभर शाळेतल्या पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं आणि नातीला गप्प केलं. त्या दाराला आतून मूठच नाही.

आतून उघडणारं असेल तरच घेईन. राणी उठल्यावर तिला सांग, तिचं बरोबर होतं. मी सांगणारच आहे, पण तिला संध्याकाळपर्यंत थांबायला लावू नकोस.

— नाना