ओळखीचा पत्ता

सोमवार, ता. ४

आले एकदाची! दोन बॅगा, एक छत्री आणि पुस्तकांचं खोकं घेऊन तीन जिने चढले, तेव्हा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. आत्याने दारातच मला कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायला लावले आणि मगच जवळ घेतलं. चाळीस वर्षं नर्स होती ती. निवृत्त झाली, पण लोकांना हात धुवायला लावायचं काही सोडलेलं नाही. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. निवृत्तीनंतर ती या गावात येऊन राहिली आणि मी इथे एकदाही फिरकले नाही, त्याचे टोमणे पहिल्या तासातच खाऊन झाले.

दोन खोल्या, गल्लीकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या, आणि माझ्यासाठी नवी चादर. गावात साथ आहे, रस्ते अर्धे रिकामे आहेत, सगळं खरं. पण आठ महिने घरी बसून काढल्यावर उद्यापासून मला नोकरी आहे, आणि मी आज निर्लज्जपणे खूश आहे.

मंगळवार, ता. ५

आरोग्य कचेरी म्हणजे एक लांबच लांब खोली आणि मधोमध काचेची भिंत. काचेच्या पलीकडे मदतीचे फोन, अलीकडे माझं टेबल. काम सोपं आहे. रोज पाच ओळींची घोषणा लिहायची. भोंगेवाले काका ती गाडीतून गल्लोगल्ली वाचत जातात, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

साहेबांचे दोनच नियम. आजाराचं नाव घ्यायचं नाही आणि आकडे सांगायचे नाहीत, लोक घाबरतात. त्याऐवजी त्यांना कळेल अशी एक उपमा द्यायची आणि ती झिजेपर्यंत वापरायची. पहिली होती युद्ध. लोकांना फार आवडली, जो तो शिपाई झाला. पण युद्ध म्हटलं की शत्रू हवा. दोन महिन्यांत आजाऱ्यांच्या घरांच्या काचा फुटायला लागल्या. मग लाट आणली. लाट काय, येते आणि जाते, आपल्या हातात काय आहे, असं म्हणून लोकांनी तोंड झाकायचंच सोडून दिलं. आधीचे लेखक शाळामास्तर होते. ते राजीनामा देऊन मुलीकडे निघून गेले. तिसरी उपमा गुरुवारपर्यंत हवी आहे.

जेवताना आत्याला सांगितलं, तर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, ताप आहे, श्वासातून पसरतो, खिडक्या उघडा, तोंड झाका, संपलं. यात उपमा कशाला घुसडता? मी म्हटलं, तू नाही का इंजेक्शन देताना 'मुंगी चावेल' म्हणायचीस? ती म्हणाली, "मुंगी म्हणायचे, पण टोचायचे सुईच."

गुरुवार, ता. ७

सापडली! खालच्या मजल्यावरचे गप्पिष्ट काका, साथीआधी रोज आत्याकडे येऊन बसणारे, सकाळी सकाळी वर आले. दार वाजवत राहिले आणि आत्याने दार न उघडता आतूनच त्यांना वाटेला लावलं, गोड बोलून. तिथेच मला पाहुणा दिसला.

'गावात एक पाहुणा आला आहे. त्याला कुणी बोलावलेलं नाही. त्याच्यावर चिडू नका, पण त्याला दारही उघडू नका. बसा म्हणू नका. कुणी विचारलं नाही की पाहुणा आपणच निघून जातो.'

साहेबांनी टेबलावर थाप मारली. संध्याकाळी भोंगेवाल्या काकांच्या गाडीतून माझी वाक्यं आमच्या गल्लीत आली, तेव्हा मी खिडकीत उभी होते. अंगावर काटा आला, आनंदाने.

सोमवार, ता. ११

पाहुणा चालला! काचा फुटायच्या थांबल्या. लोक लांबून हसून बोलतात, आमच्याकडे पाहुणा नाही बरं का, म्हणतात. आजाऱ्यांचा राग करत नाहीत. आत्यासुद्धा एवढं म्हणाली की दगडांपेक्षा बरं आहे.

काचेपलीकडे बसते ती फोनताई. सगळे तिला तेच म्हणतात. नऊ नऊ तास बोलून तिचा घसा कायमचा बसला आहे. दुपारी डबा खाताना ती मला फोनवरच्या लोकांच्या नकला करून दाखवते आणि मला ठसका लागतो. मी कुणालाच ओळखत नाही म्हणून काल मला ओढत तिच्या घरी घेऊन गेली, तोंडं झाकून, खिडक्या सताड उघड्या ठेवून. नवरा, सासूबाई आणि सात महिन्यांची मुलगी. पोरगी माझं बोट धरूनच झोपली. परत येताना वाटलं, चला, या गावात आता आपलं एक घर झालं.

गुरुवार, ता. १४

लोकांचं एकमेकांकडे जाणं काही थांबत नाही. साहेब म्हणाले, पाहुण्यातच काहीतरी बसवा. पंख्याखाली चहा पिता पिता लिहिलं, 'पाहुण्याला वाट माहीत नसते. दुसऱ्याच्या घराचा पत्ता त्याला आपणच देतो.' म्हणजे, आजारी असाल तर कुणाकडे जाऊ नका. साहेब म्हणाले, सोनं आहे सोनं.

संध्याकाळी भोंगा ऐकताना आत्या भाजी निवडायची थांबली. म्हणाली, ज्याच्या घरात आत्ता ताप आहे, तो यातून काय समजेल? मी म्हटलं, तुला मेलीला काही आवडतच नाही. ती हसली नाही.

सोमवार, ता. १८

आज फोनताईने नकला केल्या नाहीत. तिची वही माझ्यापुढे सरकवली. तीन दिवसांत अकरा फोन, वेगवेगळ्या गल्ल्यांतून, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचे. सगळे एकच सांगतात. तो चपला बाहेर काढतो. पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची घेऊन बसतो, हात गुडघ्यांवर. काही मागत नाही. त्याला घाई नसते.

तापात माणूस काहीही बघतो, मी म्हटलं. घोषणा ऐकलेली असते, तीच दिसते. फोनताईला ते पटलं.

पण चपलांचं मी कधी लिहिलं नव्हतं. आणि 'त्याला घाई नसते' ही ओळ मी काल घरी लिहिली होती. बरी वाटली नाही म्हणून खोडली. ती मी कुणालाही दाखवलेली नाही.

बुधवार, ता. २०

भोंगेवाले काका गाडी लावून थेट माझ्या टेबलाशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, ज्या घरात आजारी माणूस आहे, त्या घराच्या दाराला आतून कागद लावलेले असतात. त्यावर दुसऱ्याचा पत्ता. मजला कितवा, दार कोणतं, घरात किती माणसं. पाहुण्याला पत्ता मिळाला की तो उठतो म्हणे. खोटा पत्ता चालत नाही. ज्या घरात आपण पाऊल टाकलंय, अशाच घराचा द्यावा लागतो.

हे मी लिहिलेलं नाही. फोनताई म्हणाली, तुझंच आहे गं, दुसऱ्या कुणाचं असणार. तिच्या मनात वाईट काही नव्हतं.

आणि लोक सांगतात की गुण येतो. ज्यांनी पत्ता लिहिला ते बरे झाले, असे फोन येतात. जे बरे झाले नाहीत ते फोन करत नाहीत, एवढंच.

दुपारी मी सरळ पाच ओळी लिहिल्या. आजाराच्या नावासकट. श्वास, खिडक्या, पाणी, तोंड झाका, अगदी आत्याच्या शब्दांत. साहेबांनी फाडल्या. मी परत लिहून काकांच्या हातात दिल्या. त्यांनी एका गल्लीत वाचल्या आणि ते परत आले. म्हणाले, लोक खिडकीतून विचारत होते, पाहुण्याचं नाव का घेत नाही? तो रागावला का?

शुक्रवार, ता. २२

खालच्या काकांना ताप. आत्या निघाली त्यांचं अंग पुसायला. मी दार अडवून उभी राहिले, भांडले, रडलेसुद्धा. तिने मला बाजूला केलं. चाळीस वर्षं हेच केलंय, म्हणाली, आता काय तुझ्या पाहुण्याला भिऊ?

तासाभराने वर आली ती हसत. हातात कागद, त्यांच्या दारावरून काढलेला. आमचा पत्ता. तिसरा मजला. दोघी. एक म्हातारी.

आत्या म्हणाली, म्हातारी म्हणे! तिने कागद चुरगळून केरात टाकला आणि हात धुतले. मी खाली जाऊन दाराबाहेरूनच ऐकलं. काका उठून बसले होते, भूक लागली म्हणत होते.

शनिवार, ता. २३

आत्याला खोकला. ती म्हणते, होणारच, तासभर त्यांच्या तोंडाशी बसले होते, यात नवल काय? मला श्वास मोजायला शिकवलं. घड्याळात एक मिनिट, छातीकडे बघायचं, बोलायचं नाही.

बावीस.

रविवार, ता. २४

अठ्ठावीस. खिडक्या उघड्या. पाणी, उशा, सगळं तिच्या सांगण्यावरून. अजून रागावते आहे, म्हणजे ठीक आहे. पाण्याचा पेला नीट विसळ म्हणाली.

फोनताईने आत्याचं नाव दवाखान्याच्या गाडीच्या यादीत वर घातलं. गाडी संध्याकाळी येईल म्हणाली.

गाडी आली नाही. फोनताई स्वतः तीनदा फोन करून रडकुंडीला आली. धीर सोडू नकोस, मी आहे, म्हणते. मला फार भीती वाटते आहे. आत्या गेली तर मला कुणी नाही.

सोमवार, ता. २५

चौतीस.

दुपारी आत्या म्हणाली, खुर्ची दे. कुणाला, विचारलं. म्हणाली, उभे आहेत ना केव्हाचे.

आत्या म्हणाली हे. माझी आत्या.

मी खुर्ची दिली नाही. पाणी आणायला आत गेले. परत आले तर खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी. तिला तर कूससुद्धा बदलता येत नाही —

दाराबाहेर बघितलं नाही. चपला असतील किंवा नसतील. बघणार नाही.

मंगळवार, ता. २६, सकाळ

अडतीस. फोनताईचा फोन. गाडी निघाली आहे, आमच्याआधी तीन घरं. तिचा आवाज पार गेला आहे, तरी बोलत राहिली, फोन ठेवेना.

खुर्चीवर कुणी नाही. मी हात फिरवून पाहिला. कुणी नाही. बसायची जागा कोमट आहे.

ऊन पडलं असेल. खिडकी उघडी आहे. ऊन —

दुपार

चाळीस.

आत्या त्याच्याशी बोलते आहे. हळू, लाघवी आवाजात, आजाऱ्यांशी बोलायची तसं. मग माझ्याकडे वळली. म्हणाली, विचारताहेत गं, देऊन टाक ना. काय, म्हटलं. म्हणाली, पत्ता.

हे माझं वाक्य आहे. मी लिहिलं, पंख्याखाली, चहा पिता पिता. त्यात काही नाही. मला माहीत आहे त्यात काही नाही. जगात दुसऱ्या कुणाला नसेल, मला तर माहीत आहे —

बेचाळीस. ओठ निळे.

गाडी नाही. फोन लागत नाही.

या गावात मी एकाच घरात गेले आहे.

नाही. नाही. नाही.

चव्वेचाळीस. आत्या माझ्याकडे बघते आहे, ओळखत नाही.

नुसतं लिहायचं. दाराला लावायचं नाही. लिहून खोडता येतं. इथेच, या पानावर —

घड्याळांच्या दुकानाच्या वर

एकोणचाळीस.

दुसरा मजला. डावीकडचं दार. कडी सैल आहे, जरा लोटलं की

तेहतीस. खरंच तेहतीस. दोनदा मोजले.

घरात चौघं. ती दिवसभर कचेरीत. नवरा संध्याकाळी येतो. सासूबाईंना ऐकायला कमी

चोवीस. आत्याने डोळे मिटले. किती शांत.

खुर्ची सरकली. तो उठला. दाराशी गेला आणि थांबला आहे. अजून काहीतरी हवंय त्याला. कळतंय मला काय हवंय. मला क्षमा —

अकरा.

पाळणा खिडकीपाशी. सात महिन्यांची. नाव —