मधला खांब

१२ जुलै २००२, शुक्रवार
माझ्या खोलीचा दरवाजा पुन्हा अडकला. खोलीची फळ्यांची जमीन रस्त्याच्या बाजूला खचतेय. खचणारच! व्हॅलेरियनने खाली दुकानाला लोखंडी शटर बसवलं, तेव्हा मधल्या खांबाला खाच पाडली. दीर तसा मिळालाय. खालचं त्याचं, वरचं माझं — वाटणीत एवढंच लिहिलंय. खांब कुणाचा, ते लिहायचं माझा नवरा विसरला आणि मरून मोकळा झाला.

१५ जुलै
तोच खांब माझ्या खोलीतून आढ्यापर्यंत जातो. शंभर वर्षांचं सागवान. वर दोन कौलं फुटलीत, नेमकं खांबाशी गळतं. पूर्वी तिथं घमेलं असायचं. शटर बसलं त्या दिवशी मी ते उचललं. पाच पावसाळे झाले. फळ्यांमधून जातं ते खालीच जातं ना — भिजू देत त्याच्या गुळाच्या ढेपा.

२ ऑगस्ट
जिना दुकानातूनच, म्हणून रोज त्याचं तोंड बघावं लागतं. आज म्हणाला, "वहिनी, कौलं बदलून घ्या, मी माणूस देतो."
आता आला माणूस देणारा. मी म्हटलं, "आधी माझा खांब दे."
त्याची बायको डेल्फिन मान खाली घालून डाळ पाखडत राहिली.

११ ऑगस्ट, रविवार
मिस्सा झाल्यावर फादरांपुढे विषय काढला. नंदाखालच्या शाळेत तीस वर्षं शिकवलंय, अजून सगळे टीचर म्हणतात, माझं ऐकतात. व्हॅलेरियन एवढंच बोलला, "खाच मीच पाडली, दोन बोटांची. तिच्यानं घर खचेल असं वाटलं नव्हतं."
कबूल! कागदावर सहीसुद्धा केली. खांब बदलून देतो, दुकान कायमचं सोडतो. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२९ ऑगस्ट
दुकानाचं सामान वालीवला गेलं, त्याच्या मेव्हण्याच्या गाळ्यात. डेल्फिन वर येऊन किल्ली ठेवून गेली.

३ सप्टेंबर
खांब बदलायला व्हॅलेरियनने पाठवलेला युजीन सुतार आला. टेकू लावले, मग शटरच्या खाचेत पटाशी मारली. जाईना. "इथं लाकूड दगड आहे, टीचर."
वर आला, माझ्या फळ्या उचलल्या. तुळई खांबात शिरते तिथं पटाशी मुठीपर्यंत आत गेली. नुसता ओला भुसा.
"कूज वरून उतरलीय. चार-पाच पावसाळ्यांचं पाणी आहे हे."
मग माझ्याकडे बघेना. हत्यारं पुसत बसला. पुसता पुसता विचारलं, "व्हॅलेरियनला काय सांगू?"
मी चहा ठेवायला उठले.

४ सप्टेंबर
पाऊस आहे. घमेलं शोधून खांबाशी ठेवलं.
युजीनला सांगितलं, कुणाला काही बोलू नकोस. "बरं, टीचर," म्हणाला.