बिअर ढवळायचं वल्हं

दि. ४ मार्च

चि. छोट्यास,

आशीर्वाद. पण अर्धाच. उरलेला अर्धा तुझी वागणूक बघून देईन.

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला पोस्टाचं तिकीट लावून पत्र लिहायची पाळी माझ्यावर आणलीत तुम्ही दोघांनी. फोन करायची सोय नाही, कारण माझा फोन यांनी परवा भिंतीवर आपटून फोडला. का, तर त्यावर तुझं नाव दिसलं. आणि तू आमच्या उंबऱ्याशी आलास तर तुझा पाय मोडून तुझ्याच हातात देईन, असं पोरांसमोर शपथेवर सांगितलंय. यांच्या डोक्याला टाके पडलेत. तुझ्या बिअरच्या दुकानाच्या उद्घाटनासाठी म्हणून मी इस्त्री केलेला शर्ट रक्ताने असा भिजला की धुवायच्या भानगडीत पडले नाही, फेकूनच दिला.

जरा आठवून बघ रे. आख्खा हिवाळा दर सुट्टीला हे तुझ्याकडे येऊन बिअरच्या टाक्या वेल्ड करत होते. आठवडाभर बॉयलरच्या कारखान्यात तेच काम आणि सुट्टीलाही तेच. एका शब्दाने मजुरी मागितली नाही. उद्घाटनाला कारखान्यातले चार सोबती घेऊन आले, माझ्या मेव्हण्याची बिअर पाजतो म्हणून मिरवत. आणि फळ्यावर बघतात तर एका ग्लासाला यांची अर्ध्या दिवसाची मजुरी! लाज झाकायला पाकीट काढलं, ते पुरलं नाही. तेव्हा तुझा तो चष्मेवाला भागीदार काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, पाच जणांत मिळून एक ग्लास घ्या, चव तरी कळेल. आणि हसला.

यांनी स्टूल उचलायला नको होतं, कबूल. भागीदाराचे पुढचे दात पडले तेही वाईटच झालं. पण तू? टाकीतलं धान्य ढवळायच्या त्या लाकडी वल्ह्याने तू मागून यांच्या डोक्यात हाणलंस. ज्याच्या खांद्यावर बसून तू जत्रा बघितलीस त्या माणसाच्या डोक्यात!

मला नवरा एक आणि भाऊही एकच. एकाला स्मशानात आणि दुसऱ्याला तुरुंगात पोचवायची माझी तयारी नाही. काय ते ठरव आणि कळव.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार उभ्यानेच करतोय, कारण मान वळत नाही. दाजींचा एक ठोसा मलाही बसला, ते तुला कुणी सांगितलं नसेल.

ताई, मी आत टाकीपाशी ढवळत होतो. दाजींकडून मी पैसे घेतले असते का गं? आरडाओरडा ऐकून धावत आलो तर भागीदार जमिनीवर, तोंड रक्ताने भरलेलं, आणि दाजी त्याच्या छातीवर बसून पुढचा ठोसा उगारतायत. आणखी एक बसला असता तर तो मेला असता. हातात वल्हं होतं, ते मारलं. हातात झाडू असता तर झाडू मारला असता.

राहिला भाव. सगळं गाव मला लुटारू म्हणतंय, तूही म्हण. धान्य समुद्रापलीकडून येतं. कडवटपणासाठी लागणारी हॉप्सची फुलं त्याहून लांबून. सरकार एका हाताने परवाना देतं आणि दुसऱ्या हाताने खिसा कापतं. मोठ्या कारखान्यांची बिअर निम्मी तांदळाची असते आणि हां हां म्हणता बाटलीत जाते. माझी टाकीत सहा आठवडे पडून राहते, आणि तेवढे दिवस ती टाकी दुसरं काही कमवत नाही. शेवटी बाटलीत साखर पडली नाही तर फेससुद्धा धरत नाही, इतके तिचे लाड. पहिले तीन घाणे मी गटारात ओतलेत. खरं सांगू? दिवसभर राबून मी स्वतः माझ्याच दुकानात एक ग्लास विकत घेऊ शकत नाही. चाखतो तेवढंच.

दाजींना सांग, वल्हं दारामागेच ठेवलंय. आले तर दुसऱ्या बाजूलाही टाके पडतील.

पोरांना पापा. तुझी माया आटू देऊ नकोस, बाकी सगळं आटलंय.

छोट्या


दि. २१ मार्च

चि. छोट्यास आशीर्वाद, आज तर पावच.

तुझ्या दुकानाच्या काचा फुटल्या ते कळलं. दगड यांनी मारले नाहीत, पण मारणाऱ्यांना अडवलंही नाही. तू मग तो दांडगा राखणदार आणून बसवलास, आणि त्याने काल यांच्या सोबत्यांपैकी फिटरचं मनगट पिरगळून मोडलं. हाडाचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू आला म्हणतात. आज दुपारी कारखान्यातली ती सगळी माणसं लोखंडी सळया घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसली होती, तुझं दुकान जमीनदोस्त कसं करायचं ते ठरवत. आणि पीत काय होती, तर मी केलेला चहा! माझं टाळकंच फिरलं. उकळत्या चहाचं पातेलं उचललं आणि सांगितलं, पहिला जो उठेल त्याच्या डोक्यावर हे उपडं करीन. सगळे बसले. हेसुद्धा.

मग बसल्या बसल्या खरं बोलायला लागले. त्यांना फुकट नको आहे. फुकट हा शब्द मी काढताच हे ताडकन उठून बाहेर गेले. त्यांचं म्हणणं एवढंच की आमच्या हातच्या टाक्या आत उभ्या आहेत आणि आम्ही बाहेरून काचेतून बघायचं. मला ते पटलं. तुलाही पटेल, तू मुळात वाईट नाहीस, नुसता ताठ आहेस.

तू एक घाणा कामगारांना परवडेल असा कर. एकच. बाटल्या मी येऊन धुते, भरते. हे पाळीवर असले की मी मोकळीच असते. पण लवकर कर. त्या सळया अजून माझ्या दारामागे उभ्या आहेत.

ताई


दि. २४ एप्रिल

ती. ताईस पोटभर नमस्कार,

तू येऊन बाटल्या भरून गेलीस त्याला दहाबारा दिवस झाले. त्या दिवशी तू गुणगुणत होतीस. आपण दोघंच असे एका खोलीत किती वर्षांनी बसलो गं!

भागीदार गेला. स्वस्त बिअर केलीस तर दुकानाचं नाव मातीत जाईल म्हणाला. मी त्याची कॉलर धरली, तो उरलेल्या दातांनी माझ्या दंडाला चावला. जखम पिकलीय, पण मन हलकं झालंय. राखणदारालाही काढून टाकलं.

स्वस्त करायची म्हणजे घाई आलीच. सहा आठवडे कुठले, अर्ध्यावरच टाकीतून उतरवली. बाटल्या भंगारातल्या. फेसासाठी लागणारी साखर मी तू यायच्या आधीच टाकीत घालून ठेवली होती, म्हणून तर तुला नुसतं भरायचं आणि बुचं मारायचं काम उरलं. आता मागच्या खोलीत खोके छतापर्यंत रचलेत, दारं-खिडक्या बंद करून, उबेला. तीनचार बाटल्या आपोआप फुटल्या. एकीची काच माझ्या कानाला चाटून गेली. जुन्या बाटल्या, तडे असणारच.

येत्या सुट्टीला दाजींना आणि सोबत्यांना घेऊन ये. बिअरचं नाव ठेवलंय हातोडा. कुणावरून ते त्यांना सांगू नकोस, आपसूक कळेल. ते आले तर मी आधी वाकून नमस्कार करीन. आता मान वळते.

छोट्या


दि. २७ एप्रिल

ताई, नमस्कार राहू दे. दाजी जिवंत आहेत का?

मला कुणी काही सांगत नाही. दवाखान्याच्या दाराशी त्यांचे सोबती उभे आहेत. मी आत जाऊ लागलो तर मनगट बांधलेल्या फिटरने दुसऱ्या हाताने माझं नाक फोडलं. मी परत हात उचलला नाही. घरी येऊन लिहितोय, कागदावर डाग पडलेत ते त्याचेच.

काल मी मागच्या खोलीत बाटल्यांना लेबलं चिकटवत बसलो होतो. एकदम दार फुटलं. घणाने फोडलं. धुरळ्यातून वेल्डिंगचा मुखवटा घातलेला माणूस आत आला, अंगावर चामडी एप्रन, हातांत जाड मोजे, पाय अनवाणी. चाल दाजींचीच. मला वाटलं, झालं, शपथ पुरी करायला आले. मुखवट्याआडून काहीतरी ओरडत होते, मला एक शब्द कळला नाही. मी वल्हं उचलून सगळ्या ताकदीने खांद्यावर हाणलं. त्यांनी उलटून मारलं नाही, ताई. माझी कॉलर धरून दाराकडे ओढत राहिले आणि मी लाथा मारत राहिलो. झटापटीत त्यांच्या उजव्या हाताचा मोजा मी उपटून काढला.

मग वरचा खोका फुटला. एक फुटली की शेजारची, तिच्या धक्क्याने खालची. खोक्यांची आख्खी भिंत आमच्यावर आली. काच नुसती उडत होती. दाजींनी मला खाली पाडलं, अंगावर पडले आणि उघडा पंजा माझ्या डोळ्यांवर दाबून धरला. मला वाटलं गळा दाबतायत. मी त्या पंजाला कडकडून चावलो. तोंडात रक्त आलं, ते माझ्या दातांनी काढलेल्यापेक्षा खूप जास्त होतं. सगळं शांत झालं तेव्हा माझ्या डोळ्यांना साधा ओरखडा नव्हता.

ते मारायला आले नव्हते. मग का आले होते? तुला माहीत असेल तर सांग. मला वेड लागेल.

छोट्या


दि. २९ एप्रिल

चि. छोट्या,

हे जिवंत आहेत. आधी तेवढं वाच आणि पाणी पी.

का आले ते सांगते. माझ्यामुळे. तू लहानपणापासून चहात साखर घालायला विसरायचास आणि तसाच कडू पिऊन तोंड वाकडं करायचास. म्हणून तू वळलास की मी तुझ्या कपात चमचा घालायचे. परवापरवापर्यंत घालत होते. बाटल्या भरताना तू नळ बघायला गेलास, साखरेचं नाव नाही काढलंस. मला वाटलं, विसरला वेंधळा. फेस येणार नाही, पाहुण्यांसमोर फजिती होईल. मी प्रत्येक बाटलीत एकेक चमचा घातला. तुला बोलले नाही, तुझा पडेल चेहरा मला बघवत नाही.

तुझं पत्र आलं, त्यात टाकीतली साखर वाचली आणि मी मोठ्याने म्हणाले, अगंबाई, मग दोनदा पडली! हे मागेच उभे होते. पत्रं, माझं चोरून जाणं, सगळं एका क्षणात उघडं पडलं. मला वाटलं, आता माझ्यावर हात उचलतात. यांनी फक्त विचारलं, खोली बंद आहे का, आणि छोट्या आत असतो का. साखर दुप्पट की बाटलीतला वायूही दुप्पट, आणि कोंडलेला दाब काय करतो ते यांना कुणी शिकवायला नको, बॉयलर फुटून गेलेला माणूस यांनी स्वतः उचललाय. खुंटीवरचा मुखवटा, एप्रन आणि मोजे ओढले, कोपऱ्यातला घण उचलला, चपलासुद्धा न घालता पळाले. मी मागून धावत होते. मी पोचले तेव्हा दारातून लाल फेस बाहेर येत होता.

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. बाकीची मिटत नाहीत, आतल्या शिरा तुटल्यात. तू मोज्याचं लिहिलंस ते मी यांना वाचून दाखवलं, साखरेचं तर आधीच माहीत आहे. दोघांवरही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला तेच सहन होत नाही. रात्रभर त्या हाताकडे बघत बसतात.

तू भाव कमी करायला तयार नव्हतास, मीच मागे लागले. आता शिव्या घाल मला, पण तुटू नकोस.

ताई


दि. १२ मे

चि. मेव्हण्यास,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाकडं आहे, आशीर्वाद सरळ आहेत.

तुझं नाक फोडल्याबद्दल फिटरला मी झापलं. तुझ्या ताईला आता रडू नको म्हणून सांग, माझं ऐकत नाही. त्या बिचारीने साखर घातली, विष नाही. चावलास मात्र जोरात. डॉक्टर विचारत होते कुत्रा कुठला, मी म्हटलं घरचाच.

सगळ्या भिंतीतून एक बाटली शाबूत राहिली. फिटरने ती ओल्या पोत्यात गुंडाळून आणली, बूच हळूहळू सैल केलं. नर्स पलीकडे गेल्यावर आम्ही पाचांनी एकेक घोट घेतला. गोड होती, पण चांगली होती रे. एवढी महाग बिअर गावात कुणी प्यायली नसेल. मला ती दोन बोटांना पडली.

भाव उतरवू नकोस. माझी वेल्डिंगची शिवणही महागच असते, मालक रडतात तरी मी घाई करत नाही. घाई केली की काय होतं ते आपण बघितलं. ज्याला रोज परवडत नाही तो पगाराला येईल. फक्त एक कर. पाच माणसांनी मिळून एक ग्लास मागितला, तर पाच ग्लास धुवून पुसून आण, त्यात सारखा वाटून दे आणि हसू नकोस. माझं स्टूल तेवढ्यासाठीच उचललं गेलं होतं.

पाय मोडायची शपथ मी मागे घेतलेली नाही. हात बरा झाला की बघू.

आणि ते वल्हं रागाच्या भरात जाळूबिळू नकोस. वेल्डिंगची नळी या हातात पुन्हा धरता येणार नाही, असं आज डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वल्ह्याचा दांडा जाड आहे, तो धरता येईल. सोमवारी येतो, ढवळायला.

दाजी