दर तोच राहील

१४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सरकारी बँकेत परकी चलनाचं काम बघणारा भाऊ असावा आणि बहिणीनंच तोंडघशी पडावं! चष्म्याच्या भिंगांचे पैसे परदेशी लगेच पाठवू की महिनाअखेरीस, असं मी विचारलं होतं. तू लिहिलंस, दर तोच राहील. पत्र हातात पडलं आणि तिसऱ्या दिवशी सरकारनं रातोरात आपल्या चलनाचा भाव पाडला. आता तीच भिंगं दीडपट महाग. भिंगं घासायचं यंत्र विकायला काढलंय, दोन्ही कारागिरांना घरी पाठवलं. त्यातले म्हातारेबुवा जाताना म्हणाले, की बँकेतल्या साहेबांना तरी कुठून कळणार!

तुला माहीत होतं का, तेवढंच लिही. आई बरी आहे. रागावले आहे, तरी लोभ असावा.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

माहीत होतं.

आमच्याकडे नियम एकच. कुणीही विचारो, दर तोच राहील म्हणायचं. मंत्रीसुद्धा आदल्या संध्याकाळपर्यंत तेच सांगत होते. परदेशातले सट्टेवाले आमच्या तोंडाकडे टक लावून बसलेले असतात. गेली कित्येक वर्षं मी प्रत्येक पत्रात तुला हेच वाक्य लिहितो आणि तू त्याची टिंगल करतेस. नेमकं याच वेळी गाळलं असतं, तर तू ओळखलं असतंस, भावोजी मित्रांकडे बोलले असते आणि दुपारपर्यंत सरकारी तिजोरीवर झुंबड उडाली असती. तुझ्या भिंगांपायी देशाचं चलन पणाला लावू? जरा शहाण्यासारखा विचार कर. पैसे हवे असतील तर पाठवतो.

लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा धाकटा

२६ मार्च

मा. साहेबांस स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. पैसे नकोत. यंत्र गेलं, मिळेल त्या भावात. आपल्या भावोजींच्या तोंडाला कुलूप नाही, हा आपला शोध त्यांना वाचून दाखवला. ते ताटावरून उठून गेले.

म्हातारेबुवा काल येऊन गेले. साहेबांना खरंच माहीत नव्हतं ना, असं पुन्हा विचारत होते. नव्हतं, म्हणून सांगितलं. आपला नियम आता आमच्याही घरात आला. आईलाही तेच सांगितलंय.

आपल्याला एक नेहमीचं वाक्य गाळता आलं नाही. मला येतं. या पत्राखाली लोभ असावा असं लिहिलेलं नाही.

चष्मेवाली