डब्याखालचा पेपर

अप्पा, परवा पुन्हा माझा बीजगणिताचा पेपर होता. केस पिकले, बँकेतून निवृत्त होऊन डोंबिवलीत निवांत बसलेय, तरी दहावी काही माझी पाठ सोडत नाही. स्वप्नात कल्याणचं तेच केंद्र, तोच खिडकीजवळचा बाक, फक्त आता त्यात माझे गुडघे मावत नाहीत. हॉल तिकीट म्हणून पर्समधून विजेचं बिल निघतं आणि पर्यवेक्षक ते नीट वाचून मला आत सोडतात. पेपर हातात येतो आणि एक ओळ कळत नाही. बाकीच्या मुली खाली मान घालून लिहीत असतात. मग दचकून जाग येते, आणि आपण पास होऊन जमाना झाला हे स्वतःला पटवायला चहा लागतो.

याचा अर्थ सांगायला माणसांची कमी नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, कुलदेवीचं काहीतरी करायचं राहिलंय. तुमची नात ठाण्याला समुपदेशनाचं काम करते. तिचं म्हणणं, मनावर ताण असला की मन जुनीच भीती उकरून काढतं. मला नेमकी कशाची भीती वाटते, असं तिने विचारलं. मी म्हटलं, गॅस सिलिंडरची. ती हसली नाही. तिने उपाय सांगितला: झोपताना डोळे मिटून शांतपणे म्हणायचं, पेपर संपला, मी पास झाले, मी घरी आले. मी इमानेइतबारे म्हटलं आणि स्वप्न खरंच थांबलं. पोरगी खूश झाली. मला मात्र दिवसभर काहीतरी हरवल्यासारखं व्हायला लागलं, कारण त्या वर्गाच्या खिडकीतून फाटकाजवळ बसलेले तुम्ही दिसता, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

आमच्या वेळी एका दिवसात दोन पेपर असायचे. सकाळी बीजगणित, दुपारी भूमिती, आणि मधल्या सुट्टीत फाटकापाशी डबे घेऊन उभे असलेले आईबाप. तुम्ही मोहन्याच्या रेयॉन कारखान्यातून रात्रपाळी संपवून तसेच सायकलवर आलेले. शर्टाला कारखान्याचा तो कुजक्या कोबीसारखा वास. त्या वासाची मला लाज वाटायची असं लिहिलं तर चारचौघांना आवडेल, पण नव्हती वाटत. आमच्या निम्म्या वर्गाच्या वडिलांना तोच वास यायचा. सगळे पालक मुलींच्या हातातून प्रश्नपत्रिका ओढून घेत होते, कोणी गाइड उघडून उत्तरं ताडून बघत होतं, एक मुलगी तर रडायलाही लागली होती. तुम्ही माझी प्रश्नपत्रिका घेतलीत, कट्ट्यावर पसरलीत आणि तिच्यावर डबा उघडलात. लोणच्याचं तेल पहिल्या प्रश्नावर ओघळलं. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, अहो, विद्येचा कागद आहे. तुम्ही त्यांनाही पोळी-भाजी पुढे केलीत.

डबा सरकवताना कागदाची कड उलटली आणि मला मागच्या बाजूचे प्रश्न दिसले. मी पान उलटलंच नव्हतं. एक अख्खा प्रश्न तसाच राहिला होता. मी म्हटलं, अप्पा, मी नापास होणार, मला घरी न्या. तुम्ही डबा पुन्हा त्या कागदावर ठेवलात.

"तो पेपर गेला. आता तो डब्याखालचा कागद आहे," तुम्ही म्हणालात. "दुपारी भूमिती आहे ना? मग आधी जेव."

मी रडत रडत जेवले. दुपारी खिडकीतून पाहिलं तर तुम्ही फाटकाला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. घरी जाऊन आडवं व्हायचं सोडून तिथेच थांबला होता. भूमिती मला उत्तम गेली.

त्या दुपारबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्या घरात ती पद्धतच नव्हती. पण अप्पा, पुढची सगळी वर्षं मी तुमच्या त्या दोन शब्दांवर काढली. तुमचे जावई अचानक गेले, त्या दिवशी शेजारून पिठलं-भात आला, तेव्हा मी पोरीला मांडीवर घेऊन आधी तो भरवला. माझ्याच हाताने, एकेक घास. बायकांनी नावं ठेवली, हिच्या डोळ्यांत पाणी नाही म्हणून. रडायला मला आयुष्य पडलं होतं. पोर सकाळपासून उपाशी होती. ते मला कोणी शिकवलं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

हे पत्र कुठे जाणार नाही. पोरीला दाखवायचीही सोय नाही. काल तिचा फोन आला होता. म्हणाली, "आई, झोपताना म्हणतेस ना रोज?" मी म्हटलं, हो, न चुकता.

अप्पा, मी म्हणत नाही. ते स्वप्न दर वेळी भर पेपरात तुटतं आणि तुम्ही फाटकापाशीच राहता. एकदा तरी मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत मला त्या बाकावर बसायचं आहे.