शेपटीआधी थांबलेली रेघ

४ जाने.
दुसरा गोल्डफिशही गेला. कुशीवर तसाच लाल चट्टा. हे गेल्याला चौदा महिने झाले. मासे तेवढे जपायचे म्हटलं होतं, तेही... आता एक गोल्डफिश आणि ह्यांचा लाडका सियामीज मासा. टाकीवर ह्यांच्या अक्षरातली पट्टी : 'सियामीज. शेवाळ खातो. गरीब आहे.'

५ जाने.
औषध म्हणून पाण्यात मीठ घातलं. शेजारच्या शमीमभाभी डोकावल्या. "वैनी, मीठ झालं, आता हळद-तिखट टाका. कालवणच व्हतंय." हसले. घरात आवाज फार मोठा वाटला.

९ जाने.
सकाळी पाहिलं. सियामीज गोल्डफिशच्या कुशीला तोंडानं चिकटलेला. गोल्डफिश पळतोय, हा सुटत नाही. काच वाजवली तेव्हा सुटला. म्हणजे ते चट्टे...

११ जाने.
दोन दिवस ह्यांचं माशांचं इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी. खऱ्या सियामीजच्या अंगावरची काळी रेघ शेपटीच्या टोकापर्यंत जाते. आपल्याची शेपटीआधी थांबते. हा चायनीज जातीचा. लहान असताना शेवाळ खातो, मोठा झाला की दुसऱ्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर. दुकानात ह्यालाच सियामीज म्हणून देतात, असंही लिहिलंय. त्या पानावर ह्यांची पेन्सिलीची खूण नाही. वाचलं नसावं. चार वर्षं मीही पट्टीच वाचली, मासा पाहिला नाही.

१२ जाने.
चायनीज बादलीत काढला. पाण्यात बोट घातलं तर वर आला. ह्यांनी लावलेली सवय.

१६ जाने.
गल्लीत हळदीकुंकू. सोलापूरला जायला हाच दिवस धरला. ह्यांनी मासा घेतला त्या दुकानात परत द्यायचा. दुधाच्या किटलीत घेतला. तुळजापूरला एसटीत एक बाई शेजारी बसली.
"दूध व्हय?"
"मासा."
ती सरकून बसली.
दुकानदार म्हणाला, "ठेवून जा, मावशी. आठ दिवसांत खपंल."
"कोणत्या नावानं?"
"सियामीजच. गिऱ्हाईक तेच मागतंय."
झाकण लावलं. घरी ढोकीला येईस्तोवर किटली मांडीवरच.

१८ जाने.
शमीमभाभी : "विहिरीत सोडा. सुटंल बिचारं, तुमीबी सुटाल." विहिरीत आधीचे मासे आहेत, त्यांनी काय करावं? नाही सोडायचा. पण बादलीत त्याला धड वळता येत नाही. उड्या मारतो म्हणून वर जाळी ठेवली. पुन्हा टाकीत टाकला तर गोल्डफिश जगणार नाही.

२१ जाने.
गोल्डफिश तळाशी बसून आहे. जखमेच्या कडेला पांढरं धरलंय. नवी कातडी की बुरशी, पुस्तकातल्या चित्रावरून कळेना. सकाळी उठल्यावर आधी टाकीपाशी जावं की बादलीपाशी, तिथंच पाय अडतो.
बादलीतल्यानं पालकाचं पान संपवलं. गोल्डफिशनं आजही दाणा घेतला नाही.