एकही बाक हलणार नाही

मंगळवार, सकाळी
(रविवारीच लिहिणार होते, पण सोमवारची परीक्षा मधे आली.)

चि. बेबीस,

ताईचे आशीर्वाद. तुझी टाच कशी आहे? सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं अजून लंगडतेस ना? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसणार, हे मी इथे बसून सांगते. यजमानांचा रक्तदाब काय म्हणतो? तू भाजीत मीठ कमी घालतेस आणि ते ताटात वरून घेतात, तेव्हा मिठाचा डबाच लपव. मी बरी आहे, म्हणजे शरीराने. मनाने पार हादरले आहे आणि उजव्या कानात दोन दिवस कुकरची शिटी वाजते आहे. पुढचं बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

विषय तुझ्या लेकीचा. (तिचं नाव घरात काढायचं नाही हा तुझा वर्षभराचा दंडक मला ठाऊक आहे. तो तुझ्या घरात. हे पत्र माझ्या घरातून निघालं आहे.) मागच्या वर्षी तिने विमा कंपनीतली कायमची नोकरी सोडली, तू म्हणालीस, "परत तोंड दाखवू नकोस," आणि जन्मात पहिल्यांदा त्या मुलीने तुझं शब्दशः ऐकलं. तेव्हापासून ती माझ्या मागच्या खोलीत राहते. तुझा तिला फोन नाही, तिचा तुला नाही, आणि मधे मी टपालपेटीसारखी तोंड उघडं ठेवून उभी. महिन्याभरात मुलीला ताळ्यावर आणते असा शब्द मी तुला दिला होता. तो मोडला, हे आधीच कबूल करून टाकते.

गाण्याचं काहीतरी चालू आहे एवढं मला माहीत होतं. संध्याकाळी ती आणि आणखी तिघं कुठल्याशा गोदामात जमत. मी म्हटलं, असेल भावगीतांचा वर्ग, वाया गेलेल्या मुलीला तेवढाच विरंगुळा. गेल्या महिन्यात ती म्हणाली, मावशी, तुझ्या शाळेचा हॉल रविवारी दुपारी तीन तास मिळेल का, आमचा कार्यक्रम आहे. आता निवृत्त झाले तरी परीक्षेच्या दिवसांत हॉलच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात (नव्या मुख्याध्यापकांना बाक मोजता येत नाहीत. तो माझाच विद्यार्थी; तेव्हाही येत नव्हते). मी विचारलं, त्याची नाही म्हणायची छाती नाही, हॉल मिळाला. अट एकच. सोमवारी सकाळी परीक्षा, एकशेवीस बाक मांडून, प्रत्येकावर आसनक्रमांक चिकटवून तयार, तेव्हा काही हलवायचं नाही.

रविवारी बारा वाजता मंडळी आली. ढोल वाजवणारा मुलगा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो; सभ्य, वाकून नमस्कार करणारा. गिटारवाली मुलगी लिफ्ट दुरुस्त करते. हिच्या जाकिटाला मोजून पंचवीस सेफ्टी पिना. मला वाटलं शिवण उसवली आहे, म्हणून सुईदोरा दिला. तिने मनापासून आभार मानले आणि धड असलेल्या बाहीवर आणखी एक ठिगळ लावलं, तेही उलटं. चौथा कोण ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही, त्याचे केस मधे येत होते. बाक पाहून सगळे जागच्या जागी थिजले.

"मावशी, हे काढायला लागतील. लोक उड्या मारतात," लिफ्टवाली म्हणाली.

"कोण लोक?"

"ऐकणारे."

"आणि उड्या मारत असताना ऐकतात कधी?"

 मी सांगितलं, एकही बाक हलणार नाही.  तुझी लेक पांढरीफटक पडली आणि पायरीवर जाऊन बसली. तेव्हा चष्मेवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी कुठल्याशा हॉटेलच्या तळघरात यांचा पहिला कार्यक्रम होता. ही माइकसमोर उभी राहिली, पहिला शब्दच आठवेना, माइक खाली ठेवला आणि सरळ रस्त्यावर निघून गेली. त्यानंतर लोकांसमोर आज पहिल्यांदा. "आज नाही झालं तर ती पुन्हा उभी राहणार नाही, मावशी. आणि गाणी सगळी तिची आहेत." बेबी, या गोष्टीला आठ महिने झाले, ती मुलगी माझ्या मागच्या खोलीत राहते, माझ्या हातचा चहा पिते, आणि मला याचा वाससुद्धा नाही! आणि मी स्वतःला मुलांचे चेहरे वाचणारी समजत होते.

अडीचपासून प्रेक्षक यायला लागले. काय वर्णन करू? कुणाचं अर्धं डोकं भादरलेलं, कुणाचे केस निळीच्या बादलीत बुडवल्यासारखे, एकाच्या नाकात, भुवईत, ओठात कड्या (सर्दी झाल्यावर हा काय करत असेल?).  पण सवय वाईट. तोंडून आपोआप निघालं, "बॅगा बाहेर, भिंतीशी. मोबाइल बंद. एका बाकावर एक." आणि काय सांगू, धक्का बसायचा तो मलाच बसला. शहाण्णव जणं मुकाट्याने बॅगा ठेवून आपापल्या बाकावर जाऊन बसली, हाताची घडी घालून! त्या निळ्या केसांच्या इसमाने हात वर करून विचारलं, "मॅडम, कच्च्या कामाला कागद मिळेल का?" मी म्हटलं, समासात करा. सगळा हॉल हसला, मी हसले नाही. तीन म्हणजे तीन चाळीस असं मंडळींचं म्हणणं होतं. तीनला घंटा दिली.

या असल्या गाण्याला पंक म्हणतात. पहिली दोन गाणी लिफ्टवालीने म्हटली, म्हणजे ओरडली, मुनीला जरा दम मिळावा म्हणून. (हो, तुझ्या लेकीला मी अजून मुनीच म्हणते. पाहुण्यांसमोर मिटलेलं तोंड उघडत नसे म्हणून तूच हे नाव पाडलं होतंस.) फळ्याखालचे खडू टपाटप खाली पडले. पंखा बंद होता, तो फिरायला लागला की काय असं वाटलं. गाणं विमा कंपनीवर होतं: "सही इथे, सही तिथे, माणूस कुठे? माणूस कुठे?" हे एवढंच, चौदा वेळा, आणि दीड मिनिटात खल्लास. गवयाचा तंबोरा जुळेपर्यंत यांची आठ गाणी व्हायची. मी कानात कापूस घातला, आणि मग चौदाव्या वेळी माणूस कुठे ते ऐकायला एका कानातला काढला. हे कुणाला सांगू नकोस.

मग मुनी पुढे आली. माइक धरला, आणि गप्प.

बेबी, तो चेहरा मी तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिला आहे. अभ्यास झालेला असतो, उत्तर आत असतं, पण मधे कुणीतरी भिंत घातलेली असते. दहा सेकंद गेले. वीस गेले. उड्या मारणारे लोक असते तर त्या गोंधळात कदाचित निभावलं असतं. इथे शहाण्णव माणसं हाताची घडी घालून तिच्याकडे बघत होती, आणि तसं त्यांना मीच बसवलं होतं. माझ्या शिस्तीने मी पोरीचा गळा दाबला होता. तिने माइक खाली ठेवायला हात वाकवला. एवढ्या वर्षांत मी कुणाला एक अक्षर सांगितलेलं नाही आणि तिचं गाणं मला ठाऊकही नव्हतं. मला फक्त तिचे पांढरे ओठ दिसले, आणि सकाळचं झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं ते आठवलं. भोवळ येणार हिला, असं वाटलं, आणि मागच्या दारातून मी हाक मारली:

"मुने, जेवलीस का?"

ती दचकली. मग माइक तोंडाशी नेऊन एवढ्या जोरात "जेवले!" म्हणून किंचाळली की खिडकीची तावदानं थरारली. त्याबरोबर चष्मेवाल्याने ढोलांचा असा काही कडकडाट केला की मी दाराची कडी धरली. आणि सगळं एकदम थांबलं. शांतता. शहाण्णव डोकी माझ्याकडे वळली. मी संतापले होते. मावशीने काळजीने विचारावं आणि हे असं वसकन अंगावर यावं? मी म्हटलं, "हा काय बोलायचा सूर? बरी आहेस ना?" "बरी आहे!" पुन्हा कडकडाट, पुन्हा शांतता. "झोप तरी होते का नीट?" "झोपले!" मला काहीच कळेना. तेवढ्यात निळ्या केसांचा इसम बाकावरूनच ओरडला, "स्वेटर घेतलास का?" "आहे!" आणि मग सगळा हॉल सुटला. कुणी विचारतंय पैसे आहेत का, कुणी विचारतंय कुणाबरोबर आहेस, तो नाकात कडी असलेला तर "औषध घेतलंस का" दोनदोनदा विचारत होता. मुनी एकेकाला उत्तर देत होती. शेवटी कुणीतरी विचारलं, "घरी कधी येतेस?" त्यावर ती काही बोलली नाही. ढोल एकदा वाजला आणि गाणं संपलं.

पुढे तिने पंचवीस मिनिटांत अकरा गाणी म्हटली. एकदाही अडली नाही. बाक हलला नाही. पाय मात्र शहाण्णव जोड्या हलत होत्या (आणखी एक जोडी होती, ती संधिवाताची असल्यामुळे धरत नाही).

नंतर खडू गोळा करताना मला त्या गाण्याचा कागद सापडला. नुसती उत्तरं. जेवले. बरी आहे. झोपले. आहे. मधल्या ओळी कोऱ्या. आयुष्यभर मी प्रश्न छापलेले आणि उत्तरं कोरी असे कागद वाटले, हा उलटा कागद पहिल्यांदाच पाहिला. चष्मेवाल्याला विचारलं, अरे, प्रश्न कुठे आहेत? तो वायर गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "प्रश्न नाहीतच, मावशी. फोन येत नाही ना."

मी तिथेच बाकावर बसले. आसनक्रमांक बघितला नाही.

तर ही तुझ्या मुलीची प्रगती. चारचौघांत किंचाळते, ठिगळवाल्यांच्या संगतीत असते, आणि नोकरीचं नाव काढत नाही. मी हात टेकले. काय करायचं ते तू ठरव.

तुझी,
ताई

ता. क. एकवीस तारखेला शनिवारी दुपारी चारला यांचा कार्यक्रम तुमच्या गावात आहे. तू जावंस असं मी म्हणत नाही. पण चौघांना दोन दिवस उतरायला जागा हवी, मला धरून पाच. तू हो म्हणाली आहेस असं मी सांगून टाकलं आहे. पुढच्या खोलीतलं काचेचं कपाट आत सरकव, ढोलाची पेटी त्याशिवाय दारातून येणार नाही.

ता. क. दुसरा. मुनीला मी सांगितलं आहे की आईनेच बोलावलं. तुला सांगणार होते की तिनेच यायचं म्हटलं. दोन्ही खोटं. पण "आईने बोलावलं" म्हटल्यावर तिने दोनदा विचारलं, "खरंच?" हे मात्र खरं.

ता. क. तिसरा. मंडळींचं म्हणणं, दर कार्यक्रमात मी मागे उभं राहून प्रश्न विचारावेत. मी साफ नाही म्हटलं. ते प्रश्न माझे नाहीत. मी तुझ्या सुरात विचारलं म्हणून तिने सवयीने उत्तर दिलं, एवढंच.

ता. क. शेवटचा. रविवारी ती जेवली नव्हती. शहाण्णव माणसांसमोर धडधडीत खोटं बोलली. तेव्हा दारात आली की नोकरी का सोडलीस, केस का कापलेस, हे काही काढू नकोस. तेवढं एकच विचार. ती "जेवले" म्हणेल. विश्वास ठेवू नकोस. ताट वाढ.